शिवणयंत्राचं तेल

मी एकदा चांगल्या चालत्या मोटारसायकलच्या इंजिनात शिवणयंत्राचं तेल घातलं होतं. मोजून दहा थेंब, आणि जिथे एकही पडायला नको नेमकं तिथे. गाडीची काही तक्रार नव्हती. तक्रार माझी होती, आणि अडतिसाव्या वर्षी मला तक्रारी फार असायच्या.

हे आज आठवलं ते सईमुळे. सई माझी नात. सकाळी ती गाडीचं बटण दाबत होती आणि गाडी नुसती कण्हत होती. मी अंगणात कुरडयांवर फडकं टाकत होते. जरा पुढे झाले आणि म्हटलं, "प्लग काढून बघितलास का?" तर म्हणते, "आजी, तू उन्हात नको उभी राहूस. मी फोन केलाय, ते येतील." बाईनं गाडीबद्दल तोंड उघडलं की लोकांना तिची तब्येत आठवते. तेव्हाही हेच, आताही हेच. तेव्हा नवरा म्हणायचा, आता नात म्हणते, एवढाच काय तो फरक पडला इतक्या वर्षांत.

वैशाख मात्र तसाच आहे. उज्जैनचा वैशाख सकाळी आठालाच गच्चीवरून खाली उतरतो. दहाला अंगणातला दगड पायाला सहन होत नाही, बारानंतर तापल्या वाऱ्याची लू सुटते आणि बंद दारांच्या फटींतून घरात शिट्ट्या घालत फिरते. शिप्रा आटून रामघाटाच्या पायऱ्यांशी हिरवी होऊन पडते. संध्याकाळी मात्र कुठूनसा असा गार वारा येतो की दिवसभराचा राग विसरायला होतो. माळव्यातली माणसं दिवसा भांडतात आणि संध्याकाळी समेट करतात ती ह्या वाऱ्यामुळे, असं माझं मत आहे. माझी तेव्हाची पंचाईत अशी की मी जे केलं ते दिवसाउजेडी केलं, आणि समेटाची संध्याकाळ पुष्कळ दिवसांनी आली.

तो काळ नव्या नव्या वस्तूंचा होता. फ्रीगंजात रोज कुठलं ना कुठलं दुकान लाकडी फळ्या काढून काच लावत होतं. गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या उगवल्या होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर फोनची पिवळी बूथं आली होती, आणि नव्या हलक्या मोटारसायकली अशा निघाल्या होत्या की जाहिरातीत त्या पेट्रोल पीत नसत, नुसतं हुंगत. आमच्या ह्यांची गाडी त्यातली नव्हती. ती जुनी, काळी, जड, एखाद्या म्हशीसारखी होती. ऑफिसातल्या एका निवृत्त साहेबांकडून घेतलेली. स्टँडवरून उतरवायलाच दोन माणसं लागायची. पण ह्यांचा तिच्यावर जीव होता, आणि गाडीचा जीव काशीरामवर.

काशीराम टावर चौकाच्या मागल्या गल्लीत कडुलिंबाखाली बसायचा. दुकान म्हणजे एक लोखंडी पेटी, बसायला पाट आणि झाडाला टांगलेला टायर. पन्नाशीचा माणूस, बोलणं मोजकं. स्क्रू पिळायच्या पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटायचा आणि गाडीत काय दुखतंय ते सांगायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. ह्यांच्या शब्दावर ह्यांच्या ऑफिसातल्या निम्म्या गाड्या त्याच्याकडे जात, आणि त्याच्या घरची चूल पेटायची ती बरीचशी त्या गाड्यांवर. हे मला माहीत होतं. पुढे जे झालं ते 'मला काय माहीत' म्हणून झालं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता माझ्या तक्रारीबद्दल. माझ्याकडे शिवणयंत्र होतं, हातानं फिरवायचं, आईनं लग्नात दिलेलं. त्यावर मी अर्ध्या मोहल्ल्याचे ब्लाउज शिवले. ते यंत्र मी वर्षातून दोनदा स्क्रू न् स्क्रू काढून सुटं करायचे, पुसायचे, प्रत्येक हलत्या जागी तेलाचा थेंब द्यायचे आणि परत जोडायचे. एकदाही एखादा स्क्रू उरला नाही. आणि सोळा वर्षं ह्या माणसानं मला सांगितलं, "तुला यंत्रातलं काय कळतं?" मी गाडीबद्दल काही विचारलं की हे वाक्य, पंख्याबद्दल विचारलं तरी हेच. स्वतःच्या विजारीची शिवण उसवली की मात्र हेच गृहस्थ माझ्या यंत्रापाशी येऊन अदबीनं उभे राहत.

त्या वैशाखात मुलं मामाकडे खंडव्याला गेली होती. हे ऑफिसच्या कामानं दोन दिवस भोपाळला. गाडी आदल्याच दिवशी काशीरामकडून आलेली, ओसरीत उभी. घर रिकामं, बाहेर लू, आणि मी. दुपारी मी गाडीबरोबरचं जुनं चोपडं काढलं, त्यातली चित्रं बघितली आणि मला साक्षात्कार झाला की हे तर माझ्या यंत्रासारखंच आहे, फक्त जास्त मळलेलं. बस, साडीचा पदर खोचला.

आधी कार्बोरेटर. त्याच्या आतली पितळेची चिमुकली जेटं, पेट्रोलच्या बारीक तोट्या, काढून मी देवघरातल्या पळी-पंचपात्रासारखी चिंचेनं घासली. अशी झळाळली की हळदीकुंकू वाहावंसं वाटलं. मग प्लग, तो राखेनं. मग इंजिनाच्या बाजूचं गोल झाकण उघडलं. आत दोन बारीक टिकल्या समोरासमोर, चाक फिरलं की उघडतात, मिटतात. त्यांना पॉइंट म्हणतात आणि त्यांच्या त्या उघडमिटीवरच प्लगला करंट जातो, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की भाग हलता आहे आणि कोरडा ठणठणीत आहे. मला रागच आला. एवढा मोठा उस्ताद, आणि एक थेंब तेल घालता येत नाही? मी बाटली उचलली आणि त्याची कसर भरून काढली. झाकण लावलं, हात धुतले, आणि पन्हं पीत स्वतःवर बेहद्द खूश होऊन बसले. त्या बाईला आज भेटता आलं तर मी तिच्या हातातला पेला काढून घेईन.

हे भोपाळहून आले, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले आणि किक मारली. गाडी एकदा खोकली. पुन्हा किक. खोकलीही नाही. मग चोक ओढून, चोक सोडून, गाडी तिरकी करून, देवाचं नाव घेऊन. ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला.

आपल्याकडे गाडी सुरू होत नसली की हळदीला जमावीत तशी माणसं गोळा होतात, आणि प्रत्येकाला वाटतं की ती आपल्याच किकेची वाट बघत होती. समोरचे व्यासजी आले. त्यांनी चार किका मारल्या आणि सांगितलं, "पेट्रोल में मिलावट है." दूधवाल्यानं कॅन खाली ठेवून सहा मारल्या. "गरमी से इंजन पकड़ गया, बाबूजी." रामघाटाकडे निघालेले एक गुरुजी थांबले, त्यांनीही धोतर खोचून तीन मारल्या, संकल्प सोडावा तशा गंभीरपणे, आणि निदान केलं की नजर लागली आहे. ज्यांना आयुष्यात सुई ओवता आली नाही त्या सगळ्यांनी गाडीला लाथा घातल्या. मला फक्त पाणी आणायला सांगितलं. आणि त्या सगळ्या अंगणात कारण ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती, ती तांब्या घेऊन उभी होती.

ठाऊक म्हणजे, संशय. पहिल्याच किकेला मला ती तेलाची बाटली आठवली होती. हे घाम पुसत म्हणाले, "परवाच काशीरामकडून आणली. त्यानंच घोळ घातला."

मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, "पोहे खाऊन जाणार ना?"

मार पडेल, आरडाओरडा होईल, अशी भीती नव्हती. हे तसे नव्हेत. भीती हसण्याची होती. चिंचेनं घासलेला कार्बोरेटर ही गोष्ट ऑफिसात, मोहल्ल्यात, माझ्या माहेरी, दर लग्नात, दर बारशात सांगितली गेली असती आणि शेवटी ते वाक्य आलं असतं: तुला यंत्रातलं काय कळतं. माझं हसं होऊ नये म्हणून मी एका माणसाचं नाव जाऊ दिलं. इतक्या वर्षांनी लिहितानाही कानशिलं तापतात, आणि ती ह्या उन्हानं नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही टावर चौकात गेलो, कुणाच्या तरी लग्नाचा आहेर घ्यायला. पायीच, कारण गाडी बंद. चौकात ही गर्दी. गोळेवाले, उसाचा रस, शेव-परमलच्या, म्हणजे शेव-चुरमुऱ्यांच्या, गाड्या. काशीराम रस्त्याच्या कडेला कुणाची तरी गाडी ढकलत येत होता. ह्यांनी त्याला बघितलं आणि तिथेच गाठलं.

"काशीराम, क्या हालत कर दी तूने गाड़ी की?"

"क्या हुआ साहब?"

"स्टार्ट नहीं हो रही. परसों ही तो तेरे यहाँ से आई है."

"मेरे यहाँ से तो गाती हुई गई थी साहब. पहली किक में. आप ही ने मारी थी."

"मतलब मैं झूठ बोल रहा हूँ? अरे, काम नहीं होता तो बोल दे. लोग तेरे भरोसे गाड़ी छोड़ जाते हैं."

ह्यांचा आवाज मूळचाच मोठा, त्यात सकाळच्या किका. रस पिणारे वळून बघायला लागले. त्यात ह्यांच्या ऑफिसातले दोघे होते. काशीराम ज्याची गाडी ढकलत होता त्या माणसानं हँडल हळूच आपल्याकडे घेतलं आणि म्हणाला, "रहने दो उस्ताद, मैं देख लूँगा." मी शेजारी आहेराची पिशवी धरून उभी होते. पिशवीत पितळी समई होती. तिच्याकडे बघत राहिले, जशी काही तिला उत्तर येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीराम आपणहून घरी आला. हातात फक्त एक पेचकस. हे अंघोळीला गेले होते. तो ओसरीच्या पायरीखालीच उभा राहिला.

"भाभीजी, बस एक बार ढक्कन खोल के देख लूँ. दो मिनट."

दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. झाकण उघडताच त्याला तेल दिसलं असतं. आणि मी, जी चौकात मुकी झाले होते, तिला आता बरोबर वाचा फुटली. "अब रहने दो भैया," मी म्हणाले. "ये नाराज़ हैं. सर्विस वाले को दिखाएँगे."

त्यानं गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि निघून गेला. चौकातलं गप्प राहणं एकवेळ भित्रेपणात खपून जाईल. हे नाही खपत. ते पेलत पेलतच म्हातारी झाले.

सर्विसवाला म्हणजे ओव्हरब्रिजपलीकडे नवीन उघडलेलं काचेचं दुकान. आत पंखा, बसायला खुर्च्या, टाय लावलेला एक इसम. ह्यांनी ऑफिसात जाहीर करून टाकलं की काशीरामचं आता वय झालं, हात चालत नाही. लोकांना कारणच हवं होतं, त्या वर्षी सगळ्यांनाच काचेची दुकानं हवी होती. दोन-तीन दिवसांत ऑफिसातल्या गाड्या कडुलिंबाखालून निघून पंख्याखाली गेल्या. व्यासजींनी मला ही बातमी मोठ्या कौतुकानं सांगितली. म्हणाले, "वहाँ तो ठंडा पानी भी पिलाते हैं." आमची गाडी मात्र इतकी जड की तिला तिथवर न्यायला टेम्पो हवा होता, आणि टेम्पोवाला रविवारी येणार होता. म्हणजे माझ्या हातात तीन दुपारी होत्या.

मी ठरवलं, आता तरी नीट. काशीरामला एकदा बोलताना ऐकलं होतं: गाडीला पेट्रोल पोचतंय का बघा, करंट पोचतोय का बघा, बाकी पंचांग नंतर. पहिल्या दुपारी पेट्रोलची नळी काढून वाटीत धरली. धार आली. कार्बोरेटर पुन्हा उघडला. तो मी अगदी बरोबर लावला होता, हे आजही ठणकावून सांगते.

दुसऱ्या दुपारी प्लग. काढला तो ओलाचिंब, म्हणजे पेट्रोल जात होतं आणि पेटत नव्हतं. तो पुसला, वाळवला, तासभर दारं उघडी टाकून पेट्रोलचा वास जाऊ दिला, मग प्लग टोपीत घालून इंजिनावर टेकवला आणि किक मारून ठिणगी दिसते का बघायला गेले. वैशाखातल्या दुपारी ठिणगी दिसते थोडीच. मग गोधडी आणली आणि गाडीसकट स्वतःवर ओढून घेतली. बाहेर लू, आत मी, म्हैस आणि अंधार. एका हातानं गोधडी धरून, पाय लांबवून किक मारत होते. ठिणगी नाही. ह्यांच्या खणातला नवा प्लग लावून बघितला. तरी नाही. म्हणजे दोष प्लगचा नव्हता, करंट तिथवर येतच नव्हता. त्या गोधडीत मला पहिल्यांदा धडधडीत कळलं की दोष कुणाचा.

तिसऱ्या दुपारी गोल झाकण उघडलं. माझे दहा थेंब जळून त्या टिकल्यांवर काळा चिकट थर झाला होता. आधी पांढऱ्या कापडानं टिपलं. पण टिकल्यांच्या मधल्या फटीत कापड जाईना. घरात लग्नपत्रिकांचा ढीग होता, वैशाखच तो. त्यातली एक जाड कोरी कड कापून घेतली, पेट्रोलात बुडवून फटीत सरकवली, ओढली. काळी निघाली. दुसरी. तिसरी. सात पत्रिकांच्या कडा गेल्या, तेव्हा कुठे आठवी स्वच्छ आली. पेट्रोलची वाटी बाहेर ठेवून आले, सगळं वाळू दिलं आणि पुन्हा गोधडीत शिरले. किक. आणि अंधारात टिचकी वाजल्यासारखी निळी ठिणगी.

प्लग लावला. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. समोरच्या खिडकीत व्यासजींचं डोकं आलं. मी पदरानं तोंड पुसलं आणि तोंड जास्तच काळं झालं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं.

संध्याकाळी चहा देतानाच ह्यांना सगळं सांगितलं. तेल, चिंच, पत्रिका, काही ठेवलं नाही. मला वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. बशीत चहा ओतून फुंकला आणि म्हणाले, "सुरू झाली ना? मग झालं. आता कोणाला सांगत बसू नकोस."

"आणि काशीराम?"

"मेकॅनिक आहे तो. त्याला रोज कोणी ना कोणी बोलतंच. आणि मी आता ऑफिसात काय तोंडानं सांगू, की बायकोनं तेल घातलं?"

म्हणजे जे मी केलं होतं तेच हे करत होते. मला माझं हसं नको होतं, ह्यांना ह्यांचं नको होतं, आणि आम्हा दोघांच्या अब्रूचा भार तो माणूस कडुलिंबाखाली वाहत होता. मला इतका संताप आला की मी ह्यांच्या हातातली बशी काढून घेतली. हे अजून म्हणतात की बशी रिकामी होती. नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगते. मी ह्यांना चौकात नेलं. रस पिणाऱ्यांच्या गर्दीत हे पुटपुटले, "काशीराम, गलती हमारी थी." मी म्हटलं, नीट ऐकू आलं नाही. मग हे दुसऱ्यांदा म्हणाले, मूळच्या आवाजात. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी ह्यांच्या ऑफिसात गेले आणि टेबलाटेबलाशी उभं राहून तेलाची गोष्ट सांगितली. लोक हसले. डबे बाजूला ठेवून हसले. एकानं विचारलं, "वहिनी, कार्बोरेटरला मग फोडणीपण दिलीत का?" ज्या हसण्याला मी इतकी भ्यायले होते ते पाच मिनिटांत संपलं आणि सगळे पुन्हा जेवायला लागले. त्यातल्या काही गाड्या कडुलिंबाखाली परतल्या. सगळ्या नाही. कित्येकांना आता खरं काय ते कळलं होतं, मान्यही होतं, पण पंख्याची सवय झाली होती. ह्या गोष्टीचा मला आजही राग येतो. खोटं चौकात एकदा बोललं तर पुरतं. खरं टेबलाटेबलाशी जाऊन सांगावं लागतं, तरी निम्म्यांना ते सोयीचं पडत नाही.

मी हे लिहिते आहे ते ह्यांना ठाऊक आहे. म्हणाले, "माझं नाव घालू नकोस." म्हणून घातलेलं नाही.

पण चौकात जायची, ऑफिसात जायची अक्कल माझी नव्हती. मी मूळची तेवढी धीट नाही. बशी काढून घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दुकानं उघडायच्या आधी, मी एकटीच काशीरामकडे गेले होते. मुद्दामच त्या वेळी, गल्लीत कोणी नसतं म्हणून. झाडाखाली एकही गाडी नव्हती. तो पेटीतले पाने पुसून पुन्हा पेटीत ठेवत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं, खालच्या आवाजात, की तेल मी घातलं होतं, मला माहीत होतं, आणि त्या दिवशी मीच तुम्हाला झाकण उघडू दिलं नाही. माफ करा. त्यानं हातातला पाना पुसून संपवला. तो ठेवला. मग वर न बघता म्हणाला, "भाभीजी, साहब ने तो चौराहे पे चिल्ला के बोला था. आप माफ़ी कान में माँग रही हो."